जास्तीची खोली

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी शहाणपण शिकवायला नको. कौन्सिलची बाई घर बघायला येणार म्हणून मी घर आवरलं.

कौन्सिलचं, म्हणजे आमच्या इथल्या नगरपालिकेचं, पत्र मार्चमध्ये आलं. तुमच्या घरात दोन बेडरूम, राहणारे नवराबायको दोघंच, म्हणजे एक खोली जास्तीची. तेव्हा एप्रिलपासून घरभाड्याची सरकारी मदत कमी होईल. जास्तीची म्हणे. वाचून तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्या खोलीत मी झोपते. सहा वर्षं झाली. पलीकडच्या खोलीत माझा नवरा नेव्हिल असतो, दवाखान्यातून आणलेल्या पलंगावर. उशाशी ऑक्सिजनचं यंत्र, पायाशी कमोडची खुर्ची, आणि उरलेल्या जागेत मी आडवी झाले तर दार उघडत नाही. तेवीस वर्षं त्याने कोळशाच्या भट्टीवर काढली. भट्टी बंद झाली तेव्हा कंपनीने प्रत्येकाला एक घड्याळ दिलं. फुप्फुसं मात्र कोणी परत दिली नाहीत.

तो अठ्ठावन्न वर्षांचा आहे. पेन्शनच्या वयाचा असता तर कोणी विचारलंही नसतं, म्हाताऱ्यांना हा नियम नाही. शेजारची डोरीन सत्तरीची, तीन बेडरूममध्ये एकटी राहते, आणि त्यातल्या एका खोलीत नुसतं नाताळचं सामान. तिच्या खोल्यांना कोणी हात लावत नाही, आणि लावूही नये. पण माझ्या नवऱ्याने आजारी पडायची जरा घाई केली, हा त्याचा गुन्हा झाला. लहान घरात जा, म्हणाले. मी फोन केला, म्हटलं, जाते, दाखवा कुठंय ते. पलीकडचा माणूस म्हणाला की एका बेडरूमचं घर सध्या एकही रिकामं नाही. अहो, नसणारच. आमच्या भागात तशी घरं कधी कोणी बांधलीच नाहीत.

डोरीन म्हणाली, "अगं ग्लेनिस, कौन्सिलकडे अडलेल्यांसाठी वेगळे पैसे असतात. अर्ज कर की." केला. डॉक्टरची चिठ्ठीही जोडली. उत्तर आलं की गुरुवारी अकरा वाजता मिसेस पिकर्सगिल येतील आणि दुसऱ्या खोलीचा वापर प्रत्यक्ष पाहतील.

आता माझी आई कशी होती ते सांगायला हवं. भाडं घ्यायला माणूस येणार असला की ही बाई सकाळी गुडघ्यावर बसून दाराची पायरी घासायची. डॉक्टर येणार असला तर तापाने फणफणलेल्या माणसाला खुर्चीत बसवून आधी चादर बदलायची. आमच्या रस्त्यावर सगळ्या बायका तशाच. बाहेरच्या माणसाला आपल्या घरात बोट ठेवायला जागा मिळता कामा नये, एवढं एकच आम्हाला कोणी न शिकवता येतं.

त्यामुळे बुधवारी मी आणि डोरीन कामाला लागलो. खिडक्या व्हिनेगरने पुसल्या. कमोड डोरीनच्या मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवला, वर जुना पडदा टाकला. माझ्या खोलीतले कपडे, औषधांच्या पिशव्या, नळ्यांची खोकी, मी वाचते ती मासिकं, सगळं पोत्यांत भरून जिन्याखाली कोंबलं. पलंगावर लग्नातली पांढरी चादर घातली. ऑक्सिजनच्या यंत्रावर क्रोशाचा रुमाल टाकून वर चिनी मातीचा कुत्रा ठेवला.

"घरघरतंय ते," डोरीन म्हणाली. "कुत्रा गुरगुरतोय असं वाटेल तिला."

"बंद करा अर्धा तास," नेव्हिल म्हणाला. "मरत नाही मी अर्ध्या तासात."

गुरुवारी सकाळी त्याने इस्त्रीचा शर्ट आणि त्यावर निळा टाय घातला. गाठ मारायला वीस मिनिटं लागली, पण मला हात लावू दिला नाही. अकराला पाच कमी असताना मी यंत्र बंद केलं.

मिसेस पिकर्सगिल वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, मी भांडले असते. पाय पुसून आत आली, माझा केक खाल्ला, छान आहे म्हणाली. मग वर गेलो.

"ही खोली कोण वापरतं?"

"मी झोपते इथे," मी म्हटलं.

तिने सुरकुती नसलेल्या चादरीकडे पाहिलं. कपाट उघडलं. कपाट रिकामं. "तुमचे कपडे?"

आता काय सांगणार? पोत्यात भरून जिन्याखाली लपवलेत, असं? मी म्हटलं, "आहेत, दुसरीकडे." तिने लिहून घेतलं. त्यातून नवराबायको वेगळे झोपतो हे परक्या बाईपुढे पुन्हा म्हणायला माझी जीभ रेटेना.

मग ती नेव्हिलच्या खोलीत गेली. "कसे आहात, मिस्टर ओल्डरॉइड?"

"बरं चाललंय. तक्रार नाही."

"रात्री तुमच्या पत्नीला उठावं लागतं?"

"एखाद्या वेळी."

"डॉक्टरांनी कमोड लिहिलाय."

"छे. हळूहळू जातो मी बाथरूमला." ओठ निळे पडले होते त्याचे, टायला शोभतील असे. तिला ते दिसलं नाही. मला दिसलं, आणि मी काय केलं? तिला आणखी चहा हवा का, विचारलं.

पंधरा दिवसांनी नकार आला. मिस्टर ओल्डरॉइड हिंडतेफिरते व प्रसन्न आढळले. दुसरी खोली नीटनेटकी असून वापरात नाही. डॉक्टरने दोन पानं लिहिली होती, पण माझी इस्त्रीची चादर त्यांना जास्त खरी वाटली. मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, तोही घासूनपुसून स्वच्छ केलेला. तीन दिवस मी नेव्हिलशी बोलले नाही. चौथ्या दिवशी फेरतपासणीचा अर्ज टाकला.

या वेळी काही आवरायचं नाही, असं ठरवलं. ऐकायला सोपं वाटतं. आठवडाभर मी फडक्याला हात लावला नाही आणि माझे हात नुसते शिवशिवत होते. डोरीन दारात येऊन गयावया करायला लागली. "निदान पायरी तरी घासू दे गं. रस्त्यावरून दिसते ती."

"दिसू दे."

"लोक काय म्हणतील?"

"लोक भाडं भरणार आहेत का माझं? घरी जा, डोरीन."

त्या सकाळी मी कमोड रिकामासुद्धा केला नाही. झाकण लावलं, पण रिकामा केला नाही. माझ्या अंथरुणावर वापरलेले कपडे, नळ्या, गोळ्या, सगळं तसंच पडू दिलं. यंत्र घरघरत होतं. आणि नेव्हिलकडे पाहिलं तर नाकात नळी, अंगात गंजीफ्रॉक आणि वर इस्त्रीचा शर्ट, आणि गळ्यात तो टाय.

"काढ तो," मी म्हटलं.

"एवढा तरी असू दे," तो म्हणाला. मी असू दिला.

तीच बाई आली. वास आला तिला, पण नाक मुरडलं नाही, तेवढं तिचं चांगलं. दारात उभी राहून म्हणाली, "कसे आहात, मिस्टर ओल्डरॉइड?"

"बरं चाललंय," नेव्हिल म्हणाला. "तक्रार नाही."

माझा संयम सुटला. "तक्रार कर, नेव्हिल. आयुष्यात एकदा कर. भट्टीवर केली नाहीस, डॉक्टरपुढे केली नाहीस. आज या बाईसमोर केली नाहीस ना, तर माझं अंथरूण मी त्या कमोडवर घालीन."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं शिवी देईल. त्याने टायची गाठ सैल केली आणि भिंतीकडे बघत बोलायला लागला. एका दमात दोन शब्द, मग थांबायचं, मग पुढचे दोन. म्हणाला, मी त्या खुर्चीवर बसतो. बायको पुसते मला. रात्री चार-पाचदा श्वास अडकतो, मग ती पळत येते, उठवून बसवते. सहा वर्षांपूर्वी झोपेत गुदमरताना मी तिला मारलं, तिचा दात पडला. म्हणून ती तिकडे झोपते. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "लिहिलंत? पुन्हा सांगवणार नाही मला."

मिसेस पिकर्सगिलने लिहिलं होतं. जाताना ती त्याला "सॉरी" म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही, संध्याकाळपर्यंत.

मंजुरीचं पत्र आलं. खोली राहिली. मी त्याच्या पलंगाशी बसून वाचून दाखवलं: मदत बारा महिन्यांसाठी, त्यानंतर नवीन अर्ज आणि नवीन पाहणी.

"म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा सांगायचं?" त्याने विचारलं.

"हो."

त्याने पलंगाच्या दांडीवरचा टाय ओढला, गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "डोरीनला दे. विकून टाकेल जत्रेत."

"राहू दे. लागेल कधीतरी," मी बोलून गेले, आणि बोलल्यावर कळलं की तो आता कधी लागणार. त्यालाही कळलं.

टाय माझ्या खोलीतल्या कपाटात आहे. तो लागेल त्या दिवशी या घरात मी एकटी उरेन आणि एक खोली खरोखरच जास्तीची होईल. तेवढं थांबायला काय झालं होतं त्यांना.