सहाव्या रिळातली सात मिनिटं

मित्रांनो, मी राहते पत्र्याच्या दहा गोल डब्यांत, पण मी एकच आहे. एका जुन्या कृष्णधवल चित्रपटाची मी पहिली प्रत. चित्रपटाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. ते कानावर पडलं की लोक एकदम ताठ बसतात, आणि मला तर आज तुम्ही जरा सैल बसून ऐकायला हवे आहात.

माझी गोष्ट साधी आहे. नदीवर एक जुना पूल असतो. त्याचा एक पहारेकरी, त्याची बायको आणि शहरात नोकरीला लागलेली मुलगी. शेजारी नवा पूल उभा राहतो आणि जुना बंद करायचं ठरतं. एवढंच. त्यात मारामारी नाही, गाणंही नाही.

माझा जन्म लॅबमध्ये झाला. औषधांच्या टाक्यांतून मला काढलं, वाळवलं, गुंडाळलं आणि एका टेबलावर ठेवलं. त्या टेबलाला मध्ये काच होती आणि काचेखाली दिवा. तिथे मला पहिल्यांदा हातात घेतलं ते कात्रीबाईंनी. त्या माझ्या चित्रपटाच्या संकलक. म्हणजे काय ठेवायचं आणि काय कापायचं, हे ठरवणाऱ्या. वय जेमतेम सव्वीस, पण त्यांची कात्री कुणाची भीडभाड ठेवायची नाही. गप्पा मारताना कुणी लांबण लावली, तरी त्या दोन बोटांनी हवेत कात्री चालवून दाखवायच्या.

त्या दिवशी त्यांचे डोळे सुजलेले होते. हाताने मला हळूहळू फिरवत त्या एकेक चित्र तपासत होत्या. सहाव्या रिळात त्यांचा हात थांबला.

"अगं बाई! हे राहिलंच!"

झालं होतं असं. पहारेकरी पुलावर एकटा बसला आहे, असा एक प्रसंग होता. दिग्दर्शकांनी कॅमेरा चालूच ठेवायला सांगितला होता. "यातलं चांगलं दीड मिनिट कात्रीबाई ठेवतील, बाकीचं कापतील," असं त्यांचं म्हणणं. नटाला मात्र काम संपलं असंच वाटलं. तो खिशात काड्यापेटी शोधू लागला. सापडेना. त्याने कान खाजवला. एक कुत्रं आलं, गेलं, परत आलं. अशी सगळी मिळून सात मिनिटं. कात्रीबाई ती कापायला बसणार, तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. त्यांच्या बहिणीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. त्या हातातलं काम टाकून धावल्या. काम पुरं झालंय असं समजून मदतनीस बाईंनी सगळं बांधलं आणि लॅबला पाठवून दिलं. बहीण चार दिवस अत्यवस्थ होती. ती आणि बाळ सुखरूप आहेत हे कळल्यावर कात्रीबाई तडक माझ्याकडे आल्या, तेव्हा पहिला खेळ तीन तासांवर होता.

"आता कापून जोडायला वेळ नाही. खेळ झाला की सगळ्यांसमोर सांगून टाकते," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आणि उद्या कापते."

मित्रांनो, संध्याकाळी पाचला थिएटर गच्च भरलं. सहावं रीळ लागलं. पहिली दोन मिनिटं लोक खोकले. मग चुळबुळ झाली. मग पहिल्या रांगेतले एक नावाजलेले, वयोवृद्ध समीक्षक उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मागच्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि वाजवली. त्याच्या मागच्याने त्याच्याकडे पाहून वाजवली. न वाजवणारा अडाणी ठरेल, ही धास्ती किती लवकर पसरते, ते मी त्या दिवशी यंत्राच्या खोलीतून पाहिलं.

खेळ संपल्यावर दिग्दर्शक कात्रीबाईंना शोधत जिना चढून वर आले. "हात न लावता तो प्रसंग तसाच ठेवायचं धाडस फक्त तुमचं!" ते म्हणाले. कात्रीबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. ते मिटलेलं तोंड पुढे चौपन्न वर्षं उघडलं नाही.

मग माझे दिवस पालटले. बक्षिसं आली. थोर चित्रपटांच्या प्रत्येक यादीत माझं नाव वर. त्या सात मिनिटांवर व्याख्यानं झाली. पहारेकरी खिशात स्वतःलाच शोधतो आहे, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने ते कुत्रं म्हणजे नियती ठरवलं. मी डब्यात पडल्या पडल्या ऐकायची आणि मला कसंसंच व्हायचं. उसनं कौतुक अंगाला बोचतं, मित्रांनो. दुसऱ्याचे कपडे घालून मिरवावं आणि आत धोब्याची चिठ्ठी टोचत राहावी, तसं.

शिवाय कौतुक वाढत गेलं तसं मला पाहणं कमी होत गेलं. सगळे म्हणायचे, "तो ना? थोरच!" आणि पुढे जायचे. एका वाचनालयाच्या वर छोटं प्रेक्षागृह होतं. तिथल्या चित्रपट मंडळाने मला ठेवून घेतलं. जिन्याखालच्या कपाटात मी वर्षानुवर्षं पडून राहिले. ओल आली. अंगाला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला, कडेची भोकं फाटू लागली. डब्याला नमस्कार सगळे करायचे, झाकण सहसा कुणी उघडायचं नाही.

त्यातल्या त्यात माझ्यावर जीव होता तो एका प्राध्यापकांचा. कॉलेजात ते चित्रपट हा विषय शिकवायचे. माझ्या त्या प्रसंगावर त्यांनी जाडजूड पुस्तक लिहिलं होतं, म्हणून विद्यार्थी त्यांना 'सात मिनिटं सर' म्हणायचे. दर वर्षी एकदा मला यंत्रावर चढवायचा हट्ट त्यांचाच. सोबत त्यांची धाकटी बहीण यायची आणि बहिणीची मुलगी. बहीण लवकर गेली. भाची मग मामाच्याच घरी वाढली. दोघांचं बोलणं म्हणजे सिनेमा. जेवताना सिनेमा, भांडताना सिनेमा.

भाची मोठी झाली आणि वर्तमानपत्रात चित्रपटांवर लिहू लागली. एके सकाळी तिचा लेख छापून आला. मथळा होता, 'महान चित्रपट महान असतात, की आपण घाबरट असतो?' तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं की, माझी ती सात मिनिटं पाहताना तिला प्रत्येक वेळी झोप लागली होती, आणि ते सांगायला तिला वीस वर्षं लागली.

सरांनी वाचनालयातच तो लेख वाचला. पेपरची नीट घडी घातली आणि ग्रंथपाल बाईंना म्हणाले, "आजपासून सिनेमावर मी हिच्याशी बोलणार नाही."

आता सिनेमा सोडून त्या दोघांकडे बोलायला होतं तरी काय? आठ महिने घरात भांड्यांचा तेवढा आवाज. भाची हे सारं ग्रंथपाल बाईंना माझ्या कपाटापाशीच उभी राहून सांगायची. माझ्यामुळे एका घरातलं बोलणं बंद व्हावं, हे मला त्या आंबट वासापेक्षा जास्त लागलं.

शेवटी ग्रंथपाल बाईंनीच तोड काढली. रविवारी दुपारी माझा खेळ आणि खेळानंतर उघड वाद: हा चित्रपट त्याच्या नावाला शोभतो का? एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला भाची. मंडळाचे म्हातारे ऑपरेटर आठवडाभर माझे फाटलेले जोड चिकटवत बसले होते.

खेळ झाला. माझं दहावं रीळ अजून यंत्रावरच होतं, आणि भिंतीतल्या छोट्या खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं.

आधी सर बोलले. पुस्तक पाठ असल्यासारखे बोलले. "ते रिकामेपण दिग्दर्शकाने तोलून मापून घडवलंय," ते म्हणाले. "एक क्षणही कमी केला, तर इमारत कोसळेल!"

भाची उठली. "मामा, तू मला लहानपणी काय शिकवलंस? पडद्यावर जे दिसतं ते सांग, पुस्तकात लिहिलेलं सांगू नकोस. मला एक माणूस खिसे चाचपताना दिसतो. बाकी काही दिसत नाही. यात मी तुझा काय अपमान केला?"

सरांनी मान फिरवली. तेवढ्यात मागच्या रांगेत काठी आपटल्याचा आवाज आला.

"तिला दिसतं ते बरोबर आहे," एक म्हातारा आवाज म्हणाला. "तो काड्यापेटी शोधत होता."

कात्रीबाई! ऐंशी वर्षांच्या, पाठीतून वाकलेल्या. शेजारी चष्मा लावलेली एक पोक्त बाई त्यांना आधार देत होती. सरांच्या भाचीचा लेख त्यांनी वाचला होता, आणि या वादाचं कळताच त्या दोन गाड्या बदलून आल्या होत्या. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं: दीड मिनिट, दवाखान्याचा फोन, मदतनीस बाई, टाळ्या. मग शेजारच्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ही माझ्या बहिणीची मुलगी. त्या दिवशी जन्माला आली ती हीच. तुमच्या सात मिनिटांचं श्रेय द्यायचंच असेल, तर हिला द्या."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. सगळे सरांकडे पाहत होते. ज्यावर आयुष्य उभं केलं, तेच पायाखालून निघालेला माणूस. मला वाटलं, आता हे उठून जाणार.

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावलाच नाही.

"मलाही तिथे झोप येते," ते म्हणाले.

"काय?" भाची ओरडलीच.

"पहिल्यांदा पाहिला तेव्हापासून येते. मला वाटायचं, कमी माझ्यात आहे. म्हणून पुन्हा पाहायचो. पुस्तक लिहिलं, तरी जांभई यायचीच." ते हसू लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "बाई, चौपन्न वर्षांपूर्वी बोलला असता, तर केवढ्या चांगल्या झोपा झाल्या असत्या हो माझ्या!"

यावर मात्र सभागृह खो खो हसलं. कात्रीबाई मटकन खाली बसल्या, डोळे पुसत आणि हसत. "सुटले गं बाई एकदाची," असं त्यांनी म्हटलेलं मला वरपर्यंत ऐकू आलं. सुटले तर मीही होते.

पण वाद तिथे संपला नाही, आणि मला तेच आवडलं. कोपऱ्यातून शिवणकाम करणाऱ्या एक बाई उठल्या. "मला नाही कळत पुस्तकातलं," त्या म्हणाल्या. "पण दिवसभर माझ्या कानात मशीन धडधडतं. ती सात मिनिटं मला कुणी काही मागितलं नाही. मला तर ती हवीशी वाटली. चुकून झाली म्हणून काय झालं?"

कात्रीबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या मनात हे कधी आलंच नव्हतं.

"मग मामा," भाचीने विचारलं, "तू या चित्रपटात परत परत काय बघायला यायचास?"

सर जरा संकोचले. "आठवं रीळ. मुलगी शहरातून नवे बूट घालून येते. बापाचे फाटके बूट बघते आणि काही न बोलता आपले काढून हातात घेते. दोघं पुलावरून चालत जातात. तिथे तुझी आई माझा हात धरायची. त्यावर काय लिहायचं? ते इतकं साधं होतं, की लिहायची लाज वाटली."

खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत भाची मामाशेजारी जाऊन बसली.

खाली मंडळी पांगू लागली, तेव्हा ऑपरेटरने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "बाई, मग आता कापायची का ती सात मिनिटं? कात्री आहे माझ्याकडे."

कात्रीबाईंनी सवयीने दोन बोटं उचलली, शिवणवाल्या बाईंकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. "नको. राहू दे. फक्त बाहेर पाटी लावा, की हे माझ्याकडून कापायचं राहिलं होतं. मग ज्याला जे वाटायचं ते वाटू दे."

त्यानंतर माझी अवस्था सुधारली. लोकांना मला पुन्हा पाहावंसं वाटू लागलं. कुणी नावं ठेवायला येई, कुणी बाजू घ्यायला. जिन्याखालचं कपाट सुटलं आणि कोरड्या, थंड खोलीत मला जागा मिळाली. मामा-भाची आता दर रविवारी कुठला ना कुठला थोर म्हणवलेला चित्रपट पाहतात आणि माझ्या खोलीसमोरच्या बाकावर बसून कडाडून भांडतात. परवा भाचीने एकाला डोक्यावर घेतलं आणि मामांनी त्याला निकालात काढलं!

मित्रांनो, जाता जाता एक मागणं. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना ओल लागू देऊ नका, धूळ चढू देऊ नका. पण त्याहून मोठी काळजी म्हणजे आमची झाकणं उघडत राहा. दुसरा म्हणतो म्हणून आम्हाला थोर म्हणू नका, आणि चारचौघांत उठून दिसावं म्हणून उगाच नावंही ठेवू नका. आधी नीट पाहा. कंटाळा आला, तर खुशाल कंटाळा आला म्हणा. जिथे डोळे भरून येतील, तिथे तेही लपवू नका. खरं बोललेलं आम्हाला सोसतं. न पाहता घातलेला हार मात्र फार जड होतो.