मागचा डावा पाय

दादाचं एक वाक्य ठरलेलं आहे. हत्तींवर बोलायला उभा राहिला की कुठेतरी ते येतंच: "माझ्या फोटोत गवताची काडीसुद्धा इकडची तिकडे झालेली नसते." लोक टाळ्या वाजवतात. मागच्या रांगेत बसून मीही वाजवते, कारण त्या काड्या मीच काढलेल्या असतात.

दादा खोटं बोलत नाही, हे आधीच सांगते. त्याला ठाऊकच नाही. जंगलात तो दिवसभर गाडीत बसून राहील, हत्ती पाण्यावर येईपर्यंत हूं की चूं करणार नाही. पण घरी स्क्रीनसमोर बसवलं की त्याचे डोळे चुरचुरायला लागतात. मग कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्या हातावर ठेवतो आणि म्हणतो, "उजेडाचं बघ गं जरा." मी उजेडाचं बघते, रंग बघते, कडा कातरते, चालत्या हत्तीच्या पुढे थोडी मोकळी जागा ठेवते. आणि मग हात शिवशिवतात म्हणून साफसफाईला लागते. सोंडेआड येणारी डहाळी, कोपऱ्यातला पांढरा दगड, चकाकणारी एखादी रेघ. अशी रेघ असली की बघणाऱ्याची नजर हत्ती सोडून तिकडेच पळते. स्क्रीनवरचा ब्रश फिरवून पुसलं की काम झालं. घरात मी इतकी टापटीप ठेवली असती तर वहिनी मला डोक्यावर घेऊन नाचली असती.

दादाला हे कधी सांगितलं नाही. आधी त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही म्हणून, आणि पुढे त्याला ते वाक्य सापडलं म्हणून.

एके दिवशी डॉक्टरबाई आल्या. या रानातल्या जनावरांच्या डॉक्टर, अघळपघळ बोलणं ठाऊक नसलेल्या. नदीकाठच्या वाटेवर रक्ताचे थेंब आणि एक पाय ओढत नेल्याच्या खुणा सापडल्या होत्या. कुणीतरी डुकरांसाठी तारेचा फास लावला होता, त्यात हत्तीचा पाय गेला होता. जोर लावून हत्ती सुटला होता, पण तार पायातच राहिली होती. नदीवर दोन कळप येतात, एक अलीकडचा आणि एक पलीकडचा. बाईंकडे माणसं थोडी. शोध कुठल्या काठाला घ्यायचा, एवढंच त्यांना ठरवायचं होतं, आणि दादा तर नुकताच अलीकडच्या कळपाचे फोटो काढून आला होता.

"मूळ फाइली आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"मूळ आणि वेगळं असं आपल्याकडे काही नसतंच," दादा म्हणाला. छाती अशी फुगली होती! "छोटे, तयार केलेलेच लाव."

मी लावले. मला शंकासुद्धा आली नाही, याचीच आता जास्त चीड येते. बाई सोंड बघत नव्हत्या, सुळे बघत नव्हत्या, नुसते पाय बघत होत्या. "यांचे पाय स्वच्छ आहेत," शेवटी त्या म्हणाल्या. चहा तसाच टाकून उठल्या आणि माणसं घेऊन पलीकडच्या काठाला गेल्या.

दोन दिवसांनी सकाळी मी प्रदर्शनासाठी एक मोठी प्रत करायला घेतली. हत्तीण आणि तिच्या पोटाला लागून पिल्लू. फोटो जरा जास्तच कातरला गेला होता म्हणून मूळ फाइल उघडली. मागच्या डाव्या पायाशी बारीक चकाकती रेघ होती. अरे, हिला आपण उडवलं होतं नाही का, म्हणून मला हसू आलं. मग मोठं करून बघितलं. गवताची काडी कातडीत शिरत नाही. ही शिरली होती, आणि वरचं मांस दोन्ही बाजूंनी सुजून तिच्यावर आलं होतं.

आणि मी काय केलं? फाइल बंद केली. स्वयंपाकघरात जाऊन वहिनीसमोर मटार सोलायला बसले. बाई पलीकडे शोधतील, तिकडे काही नाही म्हटल्यावर येतीलच की अलीकडे, असं स्वतःला समजावत राहिले. मी तोंड उघडलं तर दादाचं नाव धुळीला मिळणार. एवढी वर्षं उन्हात करपून कमावलेलं नाव, आणि ते माझ्या टापटिपीपायी जाणार.

"अगं, लक्ष कुठंय तुझं?" वहिनी ओरडली. "सालं पातेल्यात आणि दाणे कचऱ्यात!"

मी उठून परत आत गेले. तो फोटो मी निवडला होता तो हत्तीण पिल्लाकडे झुकलेली दिसते म्हणून. ते झुकणं नीट दिसावं म्हणूनच मी तो दोन्ही बाजूंनी कातरला होता आणि खाली 'माया' असं नावही टाकलं होतं. आता दिसत होतं की ती झुकली वगैरे काही नव्हती. तिला तो पाय टेकवत नव्हता. मला स्वतःची किळस आली.

बाईंना फोन लावला. सगळं एका दमात सांगून टाकलं.

"पण साहेब तर म्हणाले होते..."

"दादाला माहीत नाही. मी काढली ती तार. मला गवत वाटलं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "कुठला पाय?" एवढंच त्यांनी विचारलं.

"मागचा डावा."

"फाइल पाठव. आत्ता."

फोन ठेवून वळले तर दारात दादा उभा होता. कधीपासून, कोण जाणे. तो तसाच मागे वळला. जेवायलासुद्धा आला नाही. वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि मी त्याचं ताट झाकून ठेवलं.

अंधार पडायच्या आधी बाईंचा फोन आला. हत्तीण अलीकडच्याच झाडीत सापडली होती. तिला भूल देऊन तार कापून काढली होती. "जगेल," बाई म्हणाल्या, "पण पाय कायमचा अधू राहणार. परवाच मिळाली असती तर पाय वाचला असता." मी माफी मागायला लागले, तोवर त्यांनी फोन ठेवला होता. एक अख्खी हत्तीण जन्मभर लंगडणार होती, ती माझ्यामुळे.

दादा माझ्या खोलीत आला. कधी नव्हे तो स्क्रीनसमोरच्या खुर्चीत बसला.

"आणखी काय काय काढलंयस?"

"दादा, मी..."

"रडू नकोस. सांग."

त्याने स्वतःच एक जुना फोटो उघडला. बाबा गेले त्या वर्षीचा. पाण्याच्या कडेला एक म्हातारा हत्ती उभा आहे, आजूबाजूला कुणी नाही. या फोटोबद्दल बोलताना दादाचा आवाज दर वेळी जड होतो.

"यात?"

"मागे उंच गवतात आणखी दोघं होते," मी म्हणाले. "नुसत्या पाठी दिसत होत्या. फोटोत गर्दी वाटत होती."

तो बराच वेळ त्या मोकळ्या गवताकडे बघत राहिला. डोळे चुरचुरले असणार, पण त्याने ते चोळले नाहीत.

"मी तिथे होतो ना गं," तो म्हणाला. "दिवसभर त्याच्यासमोर बसलो होतो. मग मला तो एकटाच कसा आठवतो?"