फेकलेला पहिला चेंडू

मी अमेरिकन फुटबॉलचा एक जुना चेंडू आहे, मित्रांनो. पण गोल नाही. दोन्ही टोकांना निमुळता आहे. ओहायोतल्या कारखान्यात मला आधी उलटं शिवलं, मग वाफ देऊन सुलटं केलं आणि एका बाईने माझी नाडी हाताने ओवली. इरी सरोवराकाठच्या संघाकडे आलो तेव्हा मी नवाकोरा होतो. नव्या चामड्यावर पकड बसत नाही, म्हणून सामान सांभाळणाऱ्या हर्शेलने मला ओल्या टॉवेलने आणि ब्रशने असं घासलं, की वाटलं, सामन्याआधीच आपला निकाल लागणार!

त्या रविवारी तीन खेळाडू जखमी होते, म्हणून लायनेल प्रूटला पहिल्यांदा मैदानावर उतरवलं. मिसिसिपीचा पोरगा, दारासारखा रुंद. सोबत्याने लांबून मला फेकलं, लायनेलने छातीशी कवटाळलं आणि धावत शेवटची रेघ ओलांडली. टचडाऊन! आनंदाने त्याचं भान सुटलं. त्याने मला सरळ प्रेक्षकांत भिरकावलं.

"अरे येड्या!" सोबती ओरडले. "पहिला होता तो! पहिला कुणी फेकतं का?"

लायनेलने कपाळावर हात मारला. पहिल्या टचडाऊनचा चेंडू घरी न्यायचा असतो. शाळेची बस चालवणाऱ्या आईला, अर्लीनला, त्याने दहाव्या वर्षीच तो कबूल केला होता.

मी मात्र वांडा कोवालचिक नावाच्या आजींच्या मांडीवर, पिएरोगीच्या, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांच्या, डब्यात पडलो होतो. चाळीस वर्षं त्याच खुर्चीवर बसूनही त्यांच्या हाती कधी चेंडू लागला नव्हता. हर्शेल धापा टाकत पायऱ्या चढून आला. बदल्यात खेळाडूंच्या सह्यांचा सदरा देतो म्हणाला.

"सदरा तू घाल," आजी म्हणाल्या. "ज्याने फेकला त्याला पाठव."

सामना संपल्यावर लायनेल आला, मान खाली घालून.

"आजी, तो आईचा आहे हो."

"फेकताना आठवली नाही ती?"

"नाही आठवली," तो खरं बोलला.

आजींना हसू आलं. "हे बघ, पुढच्या टचडाऊनचा चेंडू मला आण आणि हा घेऊन जा."

"एवढंच? पुढच्याच रविवारी आणतो!"

पुढच्या रविवारी काही जमलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी त्याचा गुडघा गेला. डॉक्टरांनी खेळणं कायमचं बंद केलं. तीन सामने, एक टचडाऊन. बातमी ऐकून आजींनी टीव्ही बंद केला आणि मला उगाच बराच वेळ पुसत बसल्या. मला फार वाईट वाटलं.

लायनेल आपलं कपाट रिकामं करून, सामान कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत भरून, कुबड्यांवर बाहेर आला. मैदानाच्या फाटकाशी बर्फात आजी उभ्या होत्या. त्यांनी मला पुढे केलं.

"पण मी दुसरा आणला नाही," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. म्हणजे हाच पहिला आणि हाच शेवटचा. दोन्ही मीच ठेवून घेऊ होय रे?"

एवढा धिप्पाड गडी, पण रडला. मग आजींनी दिलेल्या पिएरोगी खाता खाता हसलाही.

आता मी अर्लीनच्या पिवळ्या बसमध्ये, काचेपाशी बसतो. दुपारी लायनेल शाळेतल्या मुलांना खेळ शिकवतो आणि संध्याकाळी याच बसने घरी येतो. मुलं मला मागतात, अर्लीन देतेही. माझं चामडं झिजलंय, नाडी सैल झालीय. पण मला कुणी कोरडं पडू देत नाही. मित्रांनो, तुमच्याही घरी असा जुना चेंडू असेल, तर त्याला अधूनमधून थोडं तेल लावा आणि खेळायला न्या. फक्त अर्लीनचा नियम तेवढा पाळा. मी मागच्या बाकाकडे निघालो, की ती आरशात बघून दरडावते, "फेकायचा नाही हं! हातात द्यायचा."

तेव्हा पहिल्या बाकावरचा लायनेल हळूच खिडकीबाहेर बघतो.