जॅकच्या बुडाची हिरवी खूण

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. ऑक्टोबरातला शनिवार आहे. सकाळचे आठच वाजलेत, तरी स्टेडियमबाहेरच्या पटांगणात गाडी लावायला जागा उरलेली नाही. प्रत्येक गाडीचं मागचं दार उघडं आहे, दारापाशी शेगडी पेटलेली आहे आणि शेगडीमागे हिरवा सदरा घातलेला एखादा गृहस्थ चिमट्याने सॉसेज उलटतो आहे. सामना दुपारी दोनचा आहे, पण या मंडळींना सामन्याची घाई नाही. ती बोलायला आली आहेत.

आता या गर्दीच्या मधोमध एक लाल ट्रक उभा करा. त्याच्या हौद्यात एक माईक आहे. जुने विद्यार्थी दर वर्षी ज्या शनिवारी गावात परततात, त्या शनिवारी माणसं एकामागून एक त्या हौद्यात चढतात आणि कोच हॅस्केट आपल्याला प्रत्यक्ष कसे भेटले ते सांगतात. खाली उभे असलेले लोक गायीच्या गळ्यातल्या घंटा हातात धरून वाजवतात. गोष्ट जितकी फुगलेली, तितक्या घंटा जोरात.

मर्ल हॅस्केट हे आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे सव्वीस वर्षं कोच होते. दोन वर्षांपूर्वी वारले. आपल्या कामात ते तरबेज होते, हे मी नाकारत नाही. पण एखादा माणूस आपल्या कामात तरबेज आहे एवढ्यावर आमच्या गावाचं समाधान होत नाही. तो आपल्याला ओळखत होता, असंही गावाला हवं असतं.

फिंचबाईंचंच घ्या. पहिल्या वर्षी त्यांनी सांगितलं, की किराणा दुकानात कोच त्यांना "जरा बाजूला होता का" असं म्हणाले. बाई ढकलगाडी आडवी लावून उभ्या होत्या, दुसरं काय म्हणणार? पुढच्या वर्षी कोचनी त्यांच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली. यंदा डबाबंद पीचच्या फळीपाशी दोघं मिळून रडली. आणखी दोन वर्षांनी कोच त्यांच्याकडे पाटा-वरवंटा मागायला येतील, तरी खालचे लोक घंटाच वाजवतील.

आणि या सगळ्यांनी कोचना ओळखलं कशावरून? टोपीवरून. आमच्या संघाचा रंग हिरवा, पण कोचची टोपी मोहरीच्या फुलासारखी पिवळी, कान झाकणारी, पुढे लांब झापड असलेली. साठ हजार लोकांना लांबून तो पिवळा ठिपका दिसायचा. चेहरा नीट पाहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजता आली असती.

आता ट्रककडे पाठ फिरवा. समोर भिंतीत लोखंडी फाटक आहे. खेळाडू तिथूनच ये-जा करतात. फाटक जड आहे आणि सोडलं की आपोआप मिटतं. ते उघडं राहावं म्हणून एक म्हातारा रोज आपली लाकडी घडीची खुर्ची त्याला टेकवून बसायचा. नाव ऑर्व्हल पिकन्स. एकतीस वर्षं त्यांनी संघाचं सामानघर सांभाळलं: हेल्मेट, बूट, खांद्याची कवचं, मोजेसुद्धा. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी प्रत्येक सामन्याला ते त्या खुर्चीत असायचे. बाहेर येणाऱ्या प्रत्येक पोराच्या पायाकडे बघायचे आणि म्हणायचे, "नाडी." पोरं मुकाट्याने वाकून नाडी बांधायची. म्हाताऱ्याला एवढंच काम उरलं होतं आणि ते त्याला पुरत होतं.

त्या सकाळी त्यांच्याबरोबर नात होती, लॉरेल. नऊ वर्षांची, माझ्याच वर्गातली विद्यार्थिनी. हिशेबात बेताची, पण प्रश्न विचारायला लागली की सोडायची नाही.

नऊच्या सुमाराला लायल बँकस्टन फाटकाशी आला. ट्रॅक्टरचा व्यापारी, चाहत्यांच्या क्लबचा अध्यक्ष. त्याच्या हातात नवं कोरं पितळी कुलूप होतं.

"ऑर्व्हलराव, बरे आहात ना?"

"ठीक आहे."

"एक सांगायचं होतं. हे फाटक आता क्लबने घेतलंय. कोच हॅस्केट फाटक. आजपासून वर्गणीदारांनी इथे फोटो काढायचे. दहा वाजता फीत कापायची. त्यामुळे ही खुर्ची..." त्याने खुर्चीकडे असं पाहिलं, जसं कोणी रस्त्यात मेलेल्या खारीकडे पाहावं. "फोटोत बरी दिसणार नाही."

"मी जरा सरकून बसतो."

"सरकून नाही हो. वर स्टँडमध्ये बसा की. छान ऊन येतं. माझं भाषण झालं की मी फाटक लावून घेणार. फाटक नुसतं मिटलं की हे कुलूप आपोआप बसतं."

"आणि पोरांच्या नाड्या?" लॉरेलने विचारलं.

लायल हसला. "बाळा, ती विशी-बाविशीची पोरं आहेत. नाड्या बांधता येतात त्यांना."

"गेल्या शनिवारी सात जणांच्या सुटल्या होत्या. मी मोजल्या."

लायलने ते ऐकलं नाही. मोठी माणसं असं वागतात तेव्हा त्यांना ऐकू आलेलं असतं, एवढं ध्यानात ठेवा. त्याने कुलूप फाटकाला बसवलं, खुर्चीची घडी करून भिंतीला टेकवली, फाटक मिटू नये म्हणून आधी स्वतःचा बूट लावला आणि मग क्लबच्या एका माणसाला तिथे पाय लावून उभं केलं. मग तो ट्रककडे गेला. आजोबा टोपी हातात घेऊन उभेच राहिले. त्यांची टोपी साधी तपकिरी होती.

लायलची गोष्ट नेहमी शेवटी असायची, कारण ती सगळ्यांत लाडकी. शिवाय त्याच्याकडे पुरावा होता. मखमल लावलेल्या फळीवर स्क्रूने घट्ट बसवलेला, गाडी उचलायचा एक जुना लोखंडी जॅक. एरवी तो त्याच्या दुकानात काचेच्या कपाटात असायचा. लोक ट्रॅक्टरचे भाव विचारायला यायचे आणि जॅकला हात लावून जायचे.

"वीस वर्षांपूर्वीची गोष्ट," लायलने माईक हातात घेतला. "नोव्हेंबर. गारांचा पाऊस. जुन्या पुलाजवळ माझं चाक पंक्चर झालं आणि गाडीत जॅक नाही. अर्धा तास कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. मग दिवे दिसले. एक गाडी थांबली. उतरलं कोण?"

"मोहरी टोपी," लोक एका सुरात म्हणाले.

"मोहरी टोपी. कोच चिखलात गुडघे टेकून बसले. मी कंदील धरला. चाक बदललं. मी पाकीट काढलं तर म्हणाले, राहू दे, पोरा, घरी आई वाट बघत असेल. आणि आपला जॅकसुद्धा मला देऊन गेले. म्हणाले, पुन्हा लागेल."

घंटांनी कान किटले. फिंचबाई डोळे टिपत होत्या.

"माझा जॅक," आजोबा पुटपुटले.

लॉरेलने वर पाहिलं. "काय म्हणालात?"

"काही नाही."

"तुमचा जॅक कसा? आजोबा, सांगा ना."

ऑर्व्हलनी थोडा वेळ टोपीची झापड चाचपली. मग सांगितलं. सांगण्यासारखं फार नव्हतंच. कोच हॅस्केटना गर्दी सोसायची नाही. सामना संपला की पुढच्या दारात दोन-तीनशे माणसं हात मिळवायला उभी असायची. दोघांची उंची सारखी, चालही तशीच, थोडी पुढे वाकून. कोच टोपी काढून द्यायचे आणि म्हणायचे, ऑर्व्हल, पुढचं दार तुझं. ऑर्व्हल ती टोपी घालून पुढच्या दाराने बाहेर पडायचे आणि शंभर हात हातात घ्यायचे. कोच मागच्या दाराने घरी जाऊन सूप प्यायचे. पुढे तसलीच एक जादा टोपी ऑर्व्हलकडेच राहिली. गारांच्या पावसात कान झाकायला चांगली होती, म्हणून ते ती घरी जातानाही घालायचे.

"आणि कंदील?"

"कसला कंदील? तो गाडीत हीटर लावून बसला होता. काचसुद्धा चारच बोटं उघडली. चाक बसवून मी हात पुसतोय तोवर गाडी सुरू करून निघूनही गेला. जॅक त्याच्याच गाडीखाली होता. डिकीत टाकून घेऊन गेला."

"मग तुम्ही मागितला का नाही?"

"दुसरा होता माझ्याकडे."

"आणि खुर्ची? ती दुसरी आहे?"

आजोबांनी भिंतीशी टेकवलेल्या खुर्चीकडे पाहिलं.

आता एक गोष्ट लॉरेलला ठाऊक होती आणि त्या पटांगणातल्या तीनशे शहाण्यांना नव्हती. ऑर्व्हल पिकन्स आपल्या हाताखालच्या प्रत्येक वस्तूवर हिरव्या रंगाने खूण करायचे, आणि ती नेहमी बुडावर. वरची खूण पोरं खरवडून काढतात, बूड कोणी उलटून पाहत नाही, असं त्यांचं म्हणणं. खूण म्हणजे एक गोल आणि आत फुली. त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट अर्धं तुटलेलं होतं, त्यामुळे फुलीचा एक पाय हमखास गोलाबाहेर जायचा. लॉरेलच्या खाऊच्या डब्याखाली ती खूण होती. तिच्या दोन्ही बुटांखालीही होती.

ती डबा घेऊन ट्रककडे गेली आणि चाकावर पाय देऊन हौद्यात चढली.

"अरे वा," लायल माईकमध्ये म्हणाला. "पिकन्सांची नात. तुला पण कोच भेटले होते, बाळा?"

"नाही. या जॅकच्या खाली काय आहे?"

"खाली? लोखंड."

"दाखवा."

लोक हसले. कोणीतरी ओरडलं, "दाखव की लायल, घाबरतोस काय पोरीला?" दुसऱ्याने खालून स्क्रूड्रायव्हर पुढे केला. लायलने ऐटीत चार स्क्रू काढले आणि जॅक उलटा करून वर धरला. बुडाला हिरवा गोल होता. आत फुली. फुलीचा एक पाय बाहेर. लॉरेलने आपला डबा उलटा करून शेजारी धरला.

"टोपीत माझे आजोबा होते," ती माईकमध्ये म्हणाली.

मुलांनो, तुम्हाला वाटेल की आता सगळे खजील झाले असतील. तुम्ही अजून लहान आहात.  फिंचबाई म्हणाल्या, "किती गोड. आजोबांवर केवढा जीव आहे." पुढच्या रांगेतला एक दाढीवाला म्हणाला, "अहो, सरळ आहे. हिरवी खूण म्हणजे संघाची. कोचनी संघाचा जॅक वापरला. स्वतःचा जॅकही नव्हता बिचाऱ्यांकडे. केवढा साधा माणूस." आणि घंटा पहिल्यापेक्षा जोरात वाजू लागल्या. ज्या हाताने लायलचं चाक बदललं, तो हात पन्नास पावलांवर उभा होता. एकाचीही मान तिकडे वळली नाही.

लायलचा चेहरा पुन्हा उजळला. "तेच तर. संघाचा जॅक. मला शंका होतीच."

"नक्की संघाचा?" लॉरेलने विचारलं.

"नक्की."

"तुमचा नाही?"

"बाळा, मी म्हणालो ना, संघाचा."

"मग परत द्या. संघाची वस्तू शनिवारी सामन्याआधी फाटकावर जमा करायची असते. सामानघराचा नियम आहे. तुम्हाला वीस वर्षं उशीर झालाय."

कोणीतरी खुदकन हसलं, आणि या वेळी ते हसू लायलवर होतं. तो "अगं, पण हे बघ" एवढंच म्हणू शकला. तीनशे लोकांसमोर आता तो जॅक आपला म्हणायची सोय त्याने स्वतःच घालवली होती.

लॉरेलने त्याच्या हातातून जॅक काढून घेतला. तो तिला जड होता. पोटाशी धरून, थांबत थांबत ती फाटकापाशी आली आणि तिथे उभ्या असलेल्या माणसाला म्हणाली, "काका, पाय काढा." त्याने काढला. फाटक मिटायला लागलं तेवढ्यात तिने जॅक फटीत आडवा घातला आणि बुटाने आत सारून पक्का बसवला. फाटक त्याच्यावर आपटून थांबलं. मग तिने भिंतीशी टेकवलेली खुर्ची उघडली, नेहमीच्या जागी ठेवली आणि आजोबांना हात धरून आणून तिच्यात बसवलं.