ओसाकात फोडलेला नारळ

शेतकऱ्यांच्या पथकातून जपानला जायला अल्लीपूरच्या चंद्रभानची निवड झाली, तेव्हा त्याच्या बायकोने, कोकिळाने, पिशवीत आधी नारळ टाकला आणि मग कपडे. लेक सुलोचना माहेरी आली होती. तिसरी खेप. आधीची दोन पोटातच गेली होती, आणि या खेपेला बाळंतिणीच्याही जिवावर बेतू शकतं, असं डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं होतं. इकडचे सगळे देव नारळ घेऊन गप्प बसले होते.

"तिकडच्या देवापुढं फोडा न् नातू मांगा. नातूच. विसरू नोका," कोकिळा म्हणाली.

हे एकोणऐंशी सालचं. विमानतळावरच्या शिपायाने नारळ कानाशी हलवून पाहिला, आत पाणीच आहे अशी खात्री करून घेतली आणि सोडून दिला.

ओसाकात सहा दिवस यंत्रं पाहण्यात गेले. सातव्या दिवशी पथकाचे पुढारी वासुदेवराव सगळ्यांना एका पुरातन शिंतो देवळात घेऊन गेले. रस्त्यावर मोटारींची रीघ, आणि मधेच एक लाकडी कमान न् म्हातारी झाडं. कमानीपाशी चंद्रभानने रीतीप्रमाणे जोडे काढले. बाकी सगळं ओसाका जोडे घालून आत चाललं होतं. जानेवारीची फरशी तळपायातून मस्तकात गेली, पण देवळात जोडे नेण्याइतका तो अजून सुधारला नव्हता. आत दगडी कुंडावर पळ्या ठेवल्या होत्या. लोक हात धूत होते. चंद्रभान ते पाणी तीर्थ म्हणून प्याला आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

मूर्ती कुठे दिसेना, नारळ फोडायचा दगडही दिसेना. शेवटी त्याने पायरीवरच आपटला. पांढऱ्या कपड्यातला पुजारी धावत आला.

दुभाष्या लांब फोटो काढत होता. चंद्रभानने आपल्या पोटापुढे हवेत मोठा गोल काढला, हात जोडले आणि म्हणाला, "सुलोचना. मुक्काम अल्लीपूर, जिल्हा वर्धा."

पुजाऱ्याने त्याच्या पोटाकडे पाहिलं, मग अनवाणी पायांकडे. तबक आणून दोन्ही वाट्या त्यात मांडल्या, देवापुढे ठेवल्या आणि वाकून थांबला. आता मागायचं होतं. नातू हा शब्द ओठापर्यंत आला आणि तिथेच अडला. चंद्रभानला लेकीचं उतरलेलं तोंड आठवलं.

"पोट्टी वाचू दे," तो म्हणाला. "बाकी तुही मर्जी."

पुजाऱ्याने एक वाटी परत दिली.

घरी पोचला तर कोकिळाने पिशवीही खाली ठेवू दिली नाही.

"देव कसा होता?"

"दिसला नाई."

"नातू मांगतला ना?"

जामच्या फाट्यावर एसटी बदलल्यापासून तो याचं उत्तर जुळवत आला होता. ऐन वेळी एक शब्द आठवेल तर शपथ.

"नाई. म्या आपली पोट्टीच मांगतली."

आता घर डोक्यावर घेतलं जाणार, म्हणून तो ओट्यावर बसून राहिला. कोकिळाने पदराला हात पुसले, सुलोचनाच्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तिले सांगू नोका. तुमी गेल्यापासून मारोतीपुढं मीबी नातू मांगतच नाई."