दादासाठी कंपाइल केलेला आवाज

केयूर कर्जतच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. चाळिशीच्या आतच मज्जातंतूंच्या आजाराने त्याला पलंगाला खिळवलं. हातपाय गेले, मग वाचाही गेली. हलायचे ते फक्त डोळे. त्याची धाकटी बहीण तेजश्री घरबसल्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायची. तिने ठरवलं, दादाला बोलतं करायचं.

तिच्या लॅपटॉपवर लिनक्स होतं. डोळ्यांच्या हालचालींवरून अक्षर टिपणारा प्रोग्राम सहज बसला. ते मोठ्याने वाचणारा मात्र मराठी धड बोलेना. 'घर'चं 'घरा' करायचा. म्हणून तिने त्याचा सोर्स कोड उतरवून घेतला, उच्चाराचे नियम दुरुस्त केले आणि त्यातून चालता प्रोग्राम कंपाइल करायला बसली. एक लायब्ररी, म्हणजे आधाराला लागणारा तयार कोड, नाही म्हणून अडायचं, ती घातली की दुसरी हवी असायची. एकदा सगळं बिनतक्रार पार पडलं, पण आवाजच नाही. साउंडची एक फाइल सापडली नव्हती, म्हणून आधीची जुळणी, म्हणजे कॉन्फिगर, करतानाच आवाजाचा भाग गुपचूप वगळला गेला होता. तिने सगळं पुसून पुन्हा सुरुवात केली.

इकडे केयूरचा श्वास तोकडा होत चालला होता. लवकरच पनवेलला नेऊन व्हेंटिलेटर लावावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईने, अनसूयाबाईंनी, बॅग भरूनही ठेवली.

एका दुपारी लॅपटॉप स्वच्छ बोलला. तेजश्रीने तो पलंगासमोर ठेवला. केयूर बराच वेळ अक्षरं जुळवत राहिला. आपल्याला हाक मारेल, या आशेने आई पुढे सरकून बसली होती.

"व्हेंटिलेटर नको," लॅपटॉपमधून आवाज आला. "घरीच राहू दे."

अनसूयाबाईंचा चेहरा उतरला. "कालपर्यंत या लॅपटॉपला 'घर' म्हणता येत नव्हतं. तेजू, हे चुकतंय ना गं?"

केयूर बहिणीकडे एकटक बघत होता. ती हो म्हणाली असती, तर आईने तेव्हाच अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली असती. दादा जगलाही असता आणखी काही काळ.

"नाही आई. तो निवडतो तेच येतं."

डॉक्टरांनी त्याला एकट्याला गाठून परोपरीने विचारलं. उत्तर बदललं नाही. आईने बॅगेतले कपडे कपाटात ठेवले आणि तेजश्रीशी बोलणं कामापुरतं केलं.

पौषात एका सकाळी केयूरला श्वास पुरेना. डोळे सैरभैर फिरू लागले. लॅपटॉप तुटक बोलू लागला, "न... ने... न..."

"ने म्हणतोय तो!" आई ओरडली. "मला ने म्हणतोय!"

डोळे ठरत नव्हते, त्यामुळे प्रोग्राम मिळेल ते अक्षर उचलत होता. 'नको' म्हणताना शेजारचं अक्षर लागलं असेल, किंवा खरंच 'ने' असेल. तेजश्रीने त्याच्या डोळ्यांत बघितलं, तिथे नुसती भीती होती. तिने अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. गाडी दारात येईपर्यंत केयूर गेला होता.

तेरावं झाल्यावर एका सकाळी चहा करताना आईने मागे न वळता विचारलं, "ने म्हणाला होता, की नको?"

"मला खरंच माहीत नाही, आई."

अनसूयाबाईंनी गॅस बंद केला. दोघींचा चहा गाळला आणि स्वतःचा कप घेऊन त्या आतल्या खोलीत गेल्या.