खालचा माणूस

टेबलामागच्या मुलीने कागदाच्या मधोमध उभी रेघ मारली, एका बाजूला ‘साहस’ आणि दुसऱ्या बाजूला ‘आराम’ असं लिहिलं आणि पेन वर धरून विचारलं, “मुलगा-सून येताहेत ना मागून?”

“कुणाचे मुलगा-सून?”

“तुमचे, काका. युरोपच्या हनिमूनचं बुकिंग ना?”

“हो. आमचंच आहे,” मिस्त्री म्हणाले.

चौतीस वर्षं लिफ्टच्या मशीनरूममध्ये मोटारींच्या घरघरीवर आवाज चढवून बोलल्यामुळे त्यांना हळू बोलणं जमत नसे. सहलींच्या त्या छोट्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरचं अख्खं कुटुंब माना वळवून बघायला लागलं. नवरीने, वय वर्षं त्रेपन्न, पर्सची चेन उघडली आणि आत काहीतरी शोधू लागली. शोधण्यासारखं आत काही नव्हतं.

मुलीची जीभ बाहेर आली, ती तिने दातांखाली धरली. “सॉरी काका. छानच की! किती दिवस?”

“चोवीस. आणि लिहा, आराम शंभर टक्के. यांना कुठे चढायला नको, उतरायला नको. तळं, गरम पाण्याचे झरे, काचेच्या खिडक्यांची आगगाडी. आईच्या आजारपणात यांना अकरा वर्षं एक रात्र सलग झोप मिळालेली नाही.”

ते खरं होतं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. सकाळी दुकान, दुपारपासून अंथरुणाला खिळलेली आई. आई दोन वर्षांपूर्वी गेली. ती राहायची त्या इमारतीची लिफ्ट तपासायला मिस्त्री दर महिन्याला येत. आई गेल्यावर ते एकदा दुकानात चष्मा करायला आले. मग चष्मा सैल होतो म्हणून आले, मग घट्ट होतो म्हणून, आणि शेवटी चष्म्याला काहीच झालेलं नसताना आले. त्यांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. तीन आठवड्यांपूर्वी दोघांनी नोंदणी कचेरीत सह्या केल्या. साक्षीदार म्हणून एकीकडून दुकानाचे मालक, दुसरीकडून मिस्त्रींची मुलगी.

मुलगी लग्नाला आनंदाने तयार होती. अडलं होतं ते एका शब्दावर. “बाबा, सहल म्हणा ना. हनिमून काय! मी ऑफिसात काय सांगू?”

“सांग, बाबा हनिमूनला गेलेत. तुझ्या वेळी मी माझ्या ऑफिसात सांगितलंच होतं की.”

टेबलाच्या काचेखाली चित्रं लावून ठेवली होती. एका चित्रात उभा कडा होता. कड्याला लोखंडी कांबी ठोकलेल्या, बाजूने पोलादी दोर, आणि त्या दोराला स्वतःला अडकवून घेतलेली, लाल हेल्मेट घातलेली एक बाई. खाली पाऊल ठेवायला काही दिसत नव्हतं. नवरीचं बोट त्या चित्रावर होतं. ते तिथे कधी गेलं, हे तिला कळलं नव्हतं.

“आणि काकू, तुम्हाला काय हवं?” टेबलामागच्या मुलीने विचारलं.

“हे म्हणतील ते.”

मिस्त्री पासपोर्टच्या झेरॉक्स काढायला खाली गेले. त्यांचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदलला होता, त्यामुळे जिन्यांना त्यांना वेळ लागे. मुलीने पेनाने काचेवर टकटक केलं. “हे हवंय ना?”

“झेपेल का मला?”

“चक्कर येते? दम लागतो?”

“नाही.”

“हातात जोर आहे?”

“आई पंचावन्न किलोची होती,” ती म्हणाली. “दिवसातून चार वेळा उचलायची मी.”

मुलीने एकदा तिच्या मनगटांकडे पाहिलं आणि ‘साहस’च्या रकान्यात पहिली ओळ लिहिली.

*

तीन दिवसांनी बेत छापून आला. जेवणाचं टेबल पुसून मिस्त्रींनी तो पसरला, नाकावर चष्मा चढवला आणि बोट ठेवत एकेक दिवस मोठ्याने वाचायला घेतला. पहिला आठवडा तळ्याकाठी. दुसऱ्या आठवड्यात आगगाडी, जुनी गावं, गरम पाणी. प्रत्येक ओळीला ते “वा” म्हणत होते. चौदाव्या दिवशी “वा” आला नाही.

“दिवस चौदा ते सतरा. कड्यावरची लोखंडी वाट, वाटाड्यासह,” त्यांनी वाचलं. “हे कुणी घातलं?”

“मी.”

मिस्त्रींनी चष्मा काढला. उठून सिंकपाशी गेले आणि गळत नसलेला नळ घट्ट केला. तिला वाटलं, रागावले. मग वाटलं, उंचीला घाबरत असतील, आणि लगेच स्वतःच्याच विचाराचं हसू आलं. ज्याचा जन्म लिफ्टच्या विहिरीत लटकण्यात गेला, तो उंचीला काय घाबरणार!

“आमच्या कामात दोघं लागतात,” ते नळाकडे बघतच म्हणाले. “एक वरचा, एक खालचा. खालच्याला तसं काही काम नसतं. दोर हातात ठेवायचा आणि वर बघत राहायचं. बस.”

तिने खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

“माझा जोडीदार होता. बारा वर्षं बरोबर काम केलं. तो वर होता, तिसऱ्या मजल्याला. मी खाली. त्या दिवशी उकडत होतं फार. मी पाणी प्यायला गेलो.” त्यांचा आवाज आज, कधी नव्हे तो, हळू होता. “दोन मिनिटं. त्याने पट्ट्याचे हूक बदलताना दोन्ही एकदम काढले. घाईत काढतो माणूस. खाली आला, तो गेलाच. मी जाग्यावर असतो तर ओरडलो असतो.”

“अहो...”

“हे मुलीच्या आईलाही सांगितलं नव्हतं. त्यानंतर सोळा वर्षं मी खाली थांबलो नाही. कायम वर. लोक म्हणायचे, मिस्त्रींची छाती बघा.” ते वळले. “मला वर जायची भीती कधीच नव्हती. आता गुडघा हा असा. मी तुझ्याबरोबर वर येऊ शकत नाही. म्हणजे मी खाली.”

लग्न झाल्यापासून त्यांनी तिला पहिल्यांदाच ‘तू’ म्हटलं होतं. ते दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघांनीही तसं दाखवलं नाही.

“मग राहू दे की,” ती म्हणाली. “एवढं काय त्यात? तळ्याकाठीच बसू.” आणि शेजारची पेन्सिल उचलून तिने चौदा ते सतरा या ओळींवर आडवी रेघ मारलीसुद्धा. सरळ, पट्टीने मारावी तशी.

मिस्त्री त्या रेघेकडे बघत राहिले.

“किती पटकन खोडलंस.”

“सवय आहे,” ती हसून म्हणाली.

खरंच होती. पोहण्याचा वर्ग, दुसऱ्या गावातल्या शाखेतली मोठी जागा, मैत्रिणींबरोबरची समुद्राकाठची आठ दिवसांची सहल. सगळं तिने असंच खोडलं होतं, समोरच्याला वाईट वाटायच्या आत. त्यात तिचा हात बसला होता.

मिस्त्री हसले नाहीत.

*

पुढचे चार दिवस ते कमी बोलले. रविवारी सकाळी चहाचा कप ठेवत म्हणाले, “पँट घाल. बूट घाल. माझ्याबरोबर चल.”

लिफ्टचं काम शिकवणारी एक संस्था होती, तिथे मिस्त्री आठवड्यातून दोनदा शिकवायला जात. गुडघा बदलल्यानंतर फक्त फळ्यासमोर. मागच्या आवारात सरावासाठी चार मजली उघडा मनोरा उभा होता. लोखंडी सांगाडा, त्याच्या कडेने सरळ वर गेलेली शिडी, शिडीलगत पोलादी दोर. रविवार असल्यामुळे आवारात कुणी नव्हतं. मिस्त्रींनी कपाटातून पट्टे काढले, उजेडात धरून शिवण न् शिवण पाहिली, त्यातला एक परत ठेवला, दुसरा घेतला.

तिला पट्टा बांधताना त्यांचा चेहरा शिंप्यासारखा झाला होता. “श्वास घे. आता सोड. दुखतंय? दुखलं पाहिजे थोडं.”

पट्ट्याला पुढे दोन हूक होते. “दोन्ही एकदम कधी काढायचे नाहीत. एक काढला, पुढे लावला, खेचून पाहिला, मगच दुसरा. आवाज ऐकायचा. कट् असा येतो. नाही आला तर लागला नाही.”

“कळलं.”

“कळून उपयोग नाही. कर.”

जमिनीवरच, शिडीच्या पहिल्या पायरीशी, त्यांनी तिला ते चाळीस वेळा करायला लावलं. विसाव्या वेळी तिला कंटाळा आला, तिसाव्या वेळी राग आला. चाळिसाव्या वेळी तिची बोटं तिला न विचारता काम करत होती. मग वरच्या चाकावरून खाली आलेल्या दोराचं एक टोक त्यांनी तिच्या पट्ट्याला अडकवलं, दुसरं स्वतःच्या कमरेच्या पकडीतून ओवून घेतलं, पाय फाकवून उभे राहिले आणि म्हणाले, “जा.”

कट्. खेच. कट्. खेच. पहिला मजला गेला. दुसऱ्या मजल्याला तिचे पाय थरथरले, पण मनगटं नाही. मनगटांना हे ओझं ओळखीचं होतं, फक्त यावेळी ते तिचं स्वतःचं होतं. चौथ्या मजल्यावर जाळीचा एक छोटा कट्टा होता. ती त्यावर बसली आणि पाय खाली सोडले.

गच्च्या दिसत होत्या. पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी, एका गच्चीवर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचणारा कोणी. रस्ता बारीक झाला होता. वारा होता. बघता बघता तिच्या लक्षात आलं, आपले कान कशाची तरी वाट बघताहेत.

ते हाकेची वाट बघत होते. अकरा वर्षं ती हाकेच्या टप्प्याबाहेर गेली नव्हती. आंघोळीलासुद्धा दार लोटून घ्यायची, कडी लावायची नाही. बाहेर कुठे गेली तरी मनात मिनिटं मोजायची. आई गेली, पण कान तसेच राहिले. आता कुठल्याही क्षणी खालून आवाज येईल, “झालं का? ये आता.” आणि ती उठेल. आवाज मोठा आहे, दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जाईल.

आवाज आला नाही.

तिने खाली पाहिलं. मिस्त्री होते तिथेच होते, लहानसे. मान पूर्ण मागे टाकलेली, चेहरा वर. हात हलवत नव्हते, बोलत नव्हते. ऊन थेट त्यांच्या डोळ्यांवर येत होतं आणि त्यांनी हाताचा आडोसाही केला नव्हता. दोन्ही हात दोराला होते.

ती परत गच्च्यांकडे बघू लागली. चादरी बघितल्या. वर्तमानपत्रवाला उठून आत गेला, कप घेऊन परत आला, तेही बघितलं. मग तिला वाटलं तेव्हा ती उठली आणि उतरायला लागली. कट्. खेच. कट्.

जमिनीला पाय टेकल्यावर मिस्त्री तिचा पट्टा सोडवायला पुढे आले. बोटांना बक्कल सापडेना. शर्ट पाठीला चिकटला होता. डोळे लाल झाले होते, त्यांतून पाणी येत होतं. उन्हाने आलं असेल. तिने स्वतःच बक्कल सोडलं.

“किती वेळ होते मी वर?”

“पस्तीस मिनिटं.”

“अगं बाई! मला वाटलं दहा. मग हाक नाही का मारायची?”

“दोनदा तोंड उघडलं होतं,” मिस्त्री म्हणाले. “पण तू बसली होतीस ना छान.”

तिने रिकाम्या पट्ट्याची घडी घातली. घडी नीट झाली नाही म्हणून उलगडून परत घातली. मग त्यांचा हात धरून त्यांना सावलीतल्या पायरीवर बसवलं, आणि बराच वेळ दोघंही गुडघ्याबद्दल बोलत राहिले.

*

सोमवारी सहलींच्या ऑफिसात पेन्सिलीची रेघ असलेला कागद बघून मुलीने ओठ मुडपले. “काढायचे का हे चार दिवस?”

 मिस्त्री बायकोकडे बघत होते.

“नाही,” ती म्हणाली. “मला हवेत. चारही.”

स्वतःचंच बोलणं तिला जरा मोठ्याने आल्यासारखं वाटलं. शेजारच्या टेबलावरचा माणूस वळून बघायला लागला. या वेळी तिने पर्स उघडली नाही.

मुलीने रबराने रेघ पुसली, कागदावर फुंकर मारली आणि मिस्त्रींकडे वळली. “मग काका, त्या चार दिवसांत तुमचं छान जमेल. खालच्या गावात गरम पाण्याची कुंडं आहेत, गुडघ्याला एकदम उत्तम. सकाळी गाडी न्यायला येते, संध्याकाळी सोडते. काकू वरून येईपर्यंत तुम्ही मस्त पाण्यात.”

“नको,” मिस्त्री म्हणाले. “ती वाट जिथून सुरू होते ना, पहिली कांब जिथे ठोकली आहे, तिथपर्यंत मला जाता येतं का?”

मुलीने तिथल्या लोकांना फोन लावला. बराच वेळ ती परक्या भाषेत बोलली, मध्येच फोनवर हात ठेवून म्हणाली, “गाडी जाते तिथपर्यंत. पण ते विचारताहेत, काका तिथे करणार काय? नुसता कडा आहे. हॉटेल नाही, बाक नाही. वर जाऊन यायला पाच तास लागतात. तितका वेळ उभंच राहावं लागेल म्हणताहेत.”

मिस्त्रींनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि परत डोळ्यांवर नीट बसवला.

“सांगा त्यांना,” ते म्हणाले, “उभा राहीन.”